थांबलेल्या चाकाचा आवाज

सुजाता,

पुस्तकांच्या कपाटातला पिवळा बल्ब काल गेला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बरं झालं. आता तरी सुधार." घरातले सगळे दिवे तू एलईडी केलेस, तेव्हा हा एकच मी हट्टानं वाचवला होता. लोणावळ्याच्या ओलीत पुस्तकांना बुरशी धरते आणि कपाटात तापणारा दिवा जळत ठेवणं हा माझ्या वडिलांपासूनचा उपाय. दिवा उजेडासाठी असतो, असं तुझं म्हणणं. मिटलेल्या पुस्तकाला उजेड काय करायचाय, त्याला ऊबच हवी, असं माझं. हा वाद आपण किती पावसाळे घातला कुणास ठाऊक. काल बाजारात जाऊन नवा बल्ब आणला. दुकानदारानं फळीच्या मागून धूळ पुसत काढला आणि म्हणाला, "सर, हा शेवटचा. पुढच्या वेळी मॅडमचं ऐका." त्याला तुझी बातमी कळलेली नव्हती. मी हो म्हटलं.

पेपरात द्यायला तुझ्याबद्दल चार ओळी लिहून दे, असं कॉलेजातल्या मित्रांनी सांगितलं होतं. शिक्षण, नोकरी, कुठून कुठवर. जन्मभर पोरांना निबंध शिकवले, पण त्या चार ओळी मला जमल्या नाहीत. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती तेवढ्यात बसत नाही. इंदूच्या गाडीची गोष्ट आहे. एका वाक्यात सांगून टाकता येईल, पण तूच म्हणशील, मधली पायरी गाळलीस. म्हणून पहिल्यापासून सांगतो. यातलं बरंचसं तुझंच आहे. मला ते नीट कळलं होतं की नाही, हेही तुला बघता येईल.

इंदू, तुझी मावसबहीण. बेडशाच्या एका अंगणात तुम्ही दोघी वाढलात. पुढे तू इलेक्ट्रॉनिक्स शिकलीस आणि परंदवडीजवळच्या त्या छोट्या कारखान्यात मोटरींचे कंट्रोलर करायला लागलीस, ती लग्न होऊन लोहगडवाडीला गेली. गडाच्या पायऱ्यांच्या तोंडाशी तिची टपरी. पिठलं-भाकरी, ताक, चहा. पाण्याचे जार खाली गाडीतळावर उतरायचे आणि तिथून टपरीपर्यंतचा चढ तिला ते हातगाडीवरून न्यावे लागायचे. कंबर धरली म्हणून तिनं एकदा फोन केला आणि पुढच्याच आठवड्यात तू त्या हातगाडीच्या चाकात मोटर बसवून दिलीस. चाकाच्या आतच मोटर. मूठ पिळली की गाडी चालते.

पहिली मोटर सेन्सरवाली होती. चाक कुठल्या जागी आहे ते सेन्सर सांगतात, त्याप्रमाणे कंट्रोलर वीज सोडतो. पण इथलं धुकं कपाटात शिरतं, तर तिथलं चाकात शिरणार नाही का? दोन पावसाळ्यांत सेन्सरच्या बारीक तारा हिरव्या पडल्या आणि गाडी ऐन गर्दीच्या रविवारी बसली. तेव्हा तू म्हणालीस, सेन्सरच नको. जे नाही ते कुजणार नाही.

"मग चाक कुठं आहे हे कळणार कसं?" मी विचारलं होतं. उत्तर म्हणून तू एक मोटर थेट जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलीस, आमटीच्या पातेल्याशेजारी. तिच्या तीन जाड तारा बाहेर आलेल्या. त्यातल्या दोन तारांमध्ये तू एक इवलासा दिवा अडकवलास आणि मला म्हणालीस, "फिरव."

मी हातानं चाक फिरवलं. दिवा लागला. ना बॅटरी, ना प्लग.

"फिरणारं चाक स्वतःच वीज करतं," तू म्हणालीस. "आत चुंबकं फिरतात, भोवती तारांची वेटोळी. तीन गट आहेत वेटोळ्यांचे. मोटर चालवताना एका वेळी दोन गटांत वीज सोडायची, तिसरा रिकामा ठेवायचा. तो रिकामा ऐकतो. चाकानं केलेली वीज त्याच्यावर उमटते, त्यावरून कळतं चुंबकं कुठं आली आहेत. आता थांबव."

मी हात ठेवला. दिवा विझला.

"आता सांग, चाक कुठं थांबलंय?"

"मला काय ठाऊक?"

"कंट्रोलरलाही ठाऊक नाही. थांबलेल्या चाकाला आवाज नसतो." आणि आमटी वाढता वाढता म्हणालीस, "माझी सगळी नोकरी ही एवढीच आहे. ऐकू येईपर्यंत काय करायचं."

ते वाक्य मला इतकं आवडलं होतं की दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं. तुला कळलं तेव्हा तू चिडलीस. यंत्राला माणूस करायची माझी खोड तुला कधीच पसंत नव्हती.

ऐकू येईपर्यंत काय करायचं, तेही तू समजावलंस. आधी दोन वेटोळ्यांत जरा जोराची वीज सोडून धरून ठेवायची. चुंबकं ओढली जातात आणि चाक आपण ठरवलेल्या जागी येऊन उभं राहतं. कुठं आहे हे माहीत नसेल, तर आपल्याला हव्या त्या जागी आणून ठेवायचं. मग तिथून वीज एका गटातून दुसऱ्या गटात सरकवत न्यायची. हळू, मग थोडं जलद, मग आणखी जलद. चाक मागोमाग येतंय असं धरून चालायचं. येतंय की नाही हे बघायला काही नाही. वेग पुरेसा झाला की तिसऱ्या वेटोळ्याला ऐकू यायला लागतं आणि तिथून पुढे अंदाज सोडून कानानं चालायचं.

"म्हणजे मधला टप्पा श्रद्धेचा," मी म्हणालो.

"श्रद्धा कसली! अंदाज. अंदाज चुकला तर थांबायचं आणि पहिल्यापासून करायचं. श्रद्धेत असं करतात का?"

"चांगल्या श्रद्धेत करतात."

"तू आमटी खा."

हा वाद आपला तिथंच राहिला. मी अजूनही माझ्या बाजूला आहे, हे नोंदवून ठेवतो.

बिनसेन्सरची गाडी घेऊन आपण लोहगडवाडीला गेलो तो दिवस आठवतो? खाली सपाटीवर गाडी सुरेख चालली. जार भरून चढाला लावली आणि तिचं अवसान गेलं. थरथर, खटखट, पुन्हा थरथर. इंदू कमरेवर हात ठेवून उभी.

"ताई, तुजी गाडी लय लाजती गं. ईचारल्याबिगर पाऊल टाकंना."

तू गुडघ्यावर बसून चाकाला कान लावलास. मग मागे बघितलंस आणि हसत सुटलीस. इंदूनं चाकामागं दगड लावलेला होता. त्या चढावर सगळेच लावतात, हातगाडीला काय आणि जीपला काय. पण तुझ्या मोटरला आधी जागेवर येण्यासाठी कधी चार बोटं पुढे, कधी चार बोटं मागे सरकावं लागायचं आणि मागची वाट दगडानं बंद केली होती. परंदवडीच्या टेबलावर हा दगड कुणाच्या डोक्यात येणार?

"इंदे, दगड काढ."

"आन् गाडी खाली गेली मंजे? चार जार हाईत त्यात. तू धरनार हाईस व्हय?"

"चार बोटंच जाईल."

"चार बोटं जानारी गाडी चाळीस हात जाती. मी बगितलीय."

दगड काही तिनं काढला नाही. तिनं आपला मार्ग काढला. कंबरेनं एक धक्का द्यायचा, चाक जरा फिरलं की मूठ पिळायची. गाडी धावायची. तू मला सांगितलंस की हे बरोबरच आहे. चाक आधीच फिरत असेल तर त्याचा आवाज कंट्रोलरला लगेच मिळतो, मग सुरुवात करायचं कामच उरत नाही, तो सरळ सूर धरतो. बरोबर आहे म्हणालीस, पण तोंड उतरलेलं होतं. परतीच्या वाटेवर मळवलीला पोचलो. मग म्हणालीस, "तिची कंबर वाचावी म्हणून मोटर लावली. आता ती कंबरेनंच सुरू करते."

मी समजूत काढायला गेलो. धक्क्यात कमीपणा नाही, कुठलीही गोष्ट कुणीतरी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, असं काहीतरी.

"वाक्य छान आहे," तू म्हणालीस. "पण दुखते तिची कंबर."

 

मग वर्षभर तू त्याच्या मागे होतीस. कारखान्यातलं काम संपवून घरी आल्यावर ती मोटर, तो लॅपटॉप. मी पलीकडच्या खुर्चीत वाचत असायचो. तसे आपण फार बोलायचो नाही त्या संध्याकाळी, आणि माझ्या मते आपल्या संसारातला तो सगळ्यात भरलेला काळ होता. एकदा तू मान वर न करता विचारलंस, "मडकं घेताना तू काय करतोस?"

"टिचकी मारतो."

"का?"

"आवाजावरून कळतं, कुठं चीर आहे का."

"मडकं हलतं का टिचकीनं?"

"नाही."

"बस्स," तू म्हणालीस आणि पुन्हा कामाला लागलीस. दोन दिवसांनी उलगडा केलास. चाक थांबलेलं असताना प्रत्येक गटाला एक एक टिचकी मारायची. विजेची, इतकी छोटी की चाक हलणारही नाही. चुंबक जिथं जवळ असतं, तिथल्या वेटोळ्यात वीज केसभर लवकर चढते. तो केसभराचा फरक मोजला की चाक कुठं आहे ते थांबल्या जागी कळतं. चार बोटं मागे जायला नको, दगड काढायला नको. मग एक पाऊल टाकायचं, पुन्हा टिचक्या, पुन्हा पाऊल, असं आवाज यायला लागेपर्यंत. "आंधळं चालायचं नाही," तू म्हणालीस. "चाचपत चालायचं." मी पुस्तकात मान घातली. वाहवा केली असती तर हे वाक्यही वर्गात जाईल म्हणाली असतीस.

पावसाळ्याच्या तोंडावर तू तो नवा प्रोग्रॅम इंदूच्या गाडीत घातलास. त्या दिवशी जार आलेले नव्हते, त्यामुळे भरली गाडी चढावर बघायची राहिली. पुढच्या रविवारी येऊन बघू, म्हणालीस. तो रविवार दवाखान्यात गेला, आणि मग सगळेच.

दवाखान्याबद्दल लिहीत नाही. तुला माहीत आहे. फक्त फोनांबद्दल लिहितो. दर दोन-चार दिवसांनी तू इंदूला फोन लावायला सांगायचीस आणि स्पीकरवर विचारायचीस, "गाडी काय म्हणते?"

"चालतीया ताई, झ्याक चालतीया. तू बरी हो."

"ढकलावी लागते का?"

इंदूला खोटं बोलता येत नाही. ती थांबायची. "वाईच. पयल्यावानी न्हाई. वाईच."

तू डोळे मिटायचीस. एकदा मोसंबीची फोड हातात धरून बराच वेळ छताकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "भरल्या गाडीला टिचकी कमी पडत असेल. थोडी वाढवायला हवी." कामाबद्दलचं तुझं ते शेवटचं बोलणं. दुःखानं नाही म्हणालीस, उद्या करायचं काम आठवावं तसं म्हणालीस. पण तुझ्या मनात आलं होतं की जमलं नाही. तेवढं एक माझ्या मनात काट्यासारखं राहिलं.

तू गेल्यावरचं पुण्यानुमोदन साधेपणानं झालं. भन्तेंनी वेळेत आटोपलं, तुला आवडलं असतं. इंदू पहाटेपासून स्वयंपाकघरात होती आणि कुणालाही आत येऊ देत नव्हती. जाताना तुझ्या कारखान्यातला नितीन माझ्याजवळ आला. तू त्याला हाताशी धरून शिकवलंस, त्याचे डोळे सुजलेले होते. म्हणाला, "सर, येत्या रविवारी लोहगडवाडीला जातो. इंदूमावशींना सेन्सरवाली नवी मोटर बसवून देतो, चांगल्या झाकणाची. त्यांना अजून ढकलावं लागतं म्हणतात. मॅडमचा कंट्रोलर काढून तुम्हाला आणून देतो. आठवण म्हणून घरात राहील."

तो चांगल्या मनानं बोलत होता. पण कंट्रोलरची ती पेटी माझ्या पुस्तकांशेजारी आठवण म्हणून बसलेली मला दिसली आणि मी म्हटलं, "आधी मी एकदा जाऊन येतो."

आज, शनिवारी, गेलो. मळवलीहून रिक्षा केली. भाताची कापणी चालली होती. मला मोटरमधलं काही कळत नाही, पण एक गोष्ट डोक्यात घोळत होती. नवी सुरुवात थांबलेल्या चाकाला लागते. फिरत्या चाकाला ती लागतच नाही. मग इंदू धक्का देत असेल, तर तुझ्या टिचक्यांची पाळी आली तरी कधी?

इंदूनं मला बघितलं, पदर डोळ्यांना लावला आणि लगेच चहा टाकला. मी म्हटलं, "इंदू, जार घेऊन ये खालून. मला बघायचंय."

"दाजी, आता कशाला ती गाडी? नितीन येनारच हाय उद्या."

"म्हणूनच."

चार जार भरून गाडी चढाला लागली. मागं दगड. इंदूनं मूठ धरली आणि त्याच क्षणी तिची कंबर गाडीला टेकली. गाडी निघाली.

"ढकललीस," मी म्हणालो.

"मी? कुटं ढकलली? नुसती उबी व्हते."

पुन्हा थांबवली, पुन्हा दगड. "आता लांब उभी राहा. नुसती मूठ." ती हात लांब करून उभी राहिली, आणि मूठ पिळायच्या आधी तिचा गुडघा पुढे आला. शेजारच्या टपरीवाल्या आबांनी ते बघितलं.

"इंदे, तू झोपीतबी ढकलती आसशील."

"आबा, तुमी तुमची भजी बगा. करपल्याती."

तिला खरंच कळत नव्हतं, सुजाता. कंबरेला सवय झाली होती, आणि तीच तुला फोनवर "वाईच" सांगत होती.

शेवटी मी तिच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेले चहाचे कप दिले आणि तिला गाडीच्या वरच्या बाजूला, लांब उभं केलं. मूठ मी धरली. तू मला कधी धरू दिली नव्हतीस, पुस्तकवाल्यांचं काम नाही म्हणून. आबाही येऊन उभे राहिले. मी वाकून चाकाजवळ कान नेला, तू न्यायचीस तसा, आणि मूठ पिळली.

ऐकू आलं. नखानं पितळेच्या डब्यावर टिचक्या माराव्यात तसं, अगदी बारीक आणि भराभर. चाक हललं नाही. मागे तर केसभरही सरकलं नाही, दगड होता तिथंच. मग बोटभर पुढे. पुन्हा टिचक्या, पुन्हा बोटभर. मला वाटलं आता बसणार. आणि मग त्या टिचक्या एकमेकींत मिसळून गेल्या, त्यांचा एक सूर झाला, गाडीनं दगड मागे सोडला आणि माझा हात ओढत ती चढाला लागली. मला जवळजवळ पळावं लागलं.

इंदूनं दोन्ही कप सांडले. "अगं बया! ताईनं केलंतं व्हय हे? कदी?"

"पावसाळ्याआधी."

"मंग मी येवडे दिस काय करत व्हते?"

आबा म्हणाले, "सोबत."

ती हसली आणि मग टपरीच्या बाकावर बसून मनसोक्त रडली. मीही तिच्या शेजारी बसलो. छान ऊन पडलं होतं. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "ताईला मी वाईच वाईच सांगत ऱ्हायले." मी तिला म्हटलं, तू खरं तेच सांगत होतीस, आणि ताईनं त्यावर उपायही काढून ठेवला होता. हे मी तिची समजूत काढायला म्हटलं नाही. तुझा आवाज शेवटपर्यंत कामातल्या माणसाचा होता, हे मी ऐकलेलं आहे.

नितीनला तिथूनच फोन केला. त्याला पहिल्यांदा खरं वाटलं नाही, मग टिचक्यांचा आवाज कसा होता ते त्यानं मला चार वेळा सांगायला लावलं. तो उद्या येणार आहे, पण काही काढायला नाही. पुढच्या गाड्यांसाठी बघून घेणार आहे.

मी निघालो तेव्हा इंदू दुसरी खेप आणत होती. कंबर गाडीला लागलेली होतीच. मी ओरडलो, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ओ दाजी, जोर न्हाई लावत, नुसती टेकते." तेव्हा आपला धक्क्याचा वाद असा सुटला असं मी धरतो: ढकलायची गरज नाही हे तुझं खरं, आणि माणसं तरी हात लावणारच हे माझं. श्रद्धेचा वाद राहिला आहे. तो राहू दे, मला बरा वाटतो.

घरी आलो. कपाटात नवा बल्ब लावला, दार ओढून घेतलं. फटीतून पिवळी रेघ दिसते आहे. तुझी मोटर अजून टेबलावरच आहे. मी तिच्या शेजारी ताट घेऊन बसतो.

तू फोनवर दर वेळी विचारायचीस आणि तुला नीट उत्तर मिळालं नाही, म्हणून हे सगळं लिहिलं. गाडी चालली, सुजाता. चार जार भरलेले, चढावर, चाकामागं दगड, आणि कुणीही ढकललं नाही.